बदलापूर–दादर प्रवासासाठी हॅण्डहेल्ड कन्सोल घ्यावा का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कुठे चुकीचं समजलो असेन तर सांगा. तुम्ही बदलापूरला राहता, ऑफिस लोअर परळला. रोजचे तीन-साडेतीन तास प्रवासात जातात. घर वन बीएचके. घरात तुम्ही, मिस्टर, सासू-सासरे आणि सहा वर्षांची मुलगी. कॉलेजात असताना मामेभावाच्या पीएसपीवर, म्हणजे सोनीच्या जुन्या हातातल्या गेम मशीनवर, खेळायचात, पुढे ते सुटलं. आता दिवाळीचा बोनस हातात आहे आणि पंचेचाळीस हजारांपर्यंत खर्च करून एखादा हॅण्डहेल्ड कन्सोल, म्हणजे पडदा आणि बटणं एकत्र असलेलं हातात धरून खेळायचं मशीन, घ्यावा असं मनात आहे. सासूबाई म्हणताहेत, त्यापेक्षा सोन्यात घाल. आणि तुम्ही विचारलंय की प्रवासात वेळ चांगला जाईल ना, पैसे वाया तर जाणार नाहीत ना.

माझं उत्तर असं: लोकलसाठी घेणार असाल तर घेऊ नका. घरासाठी घेणार असाल तर जरूर घ्या, आणि त्याला पंचेचाळीस हजार लागणार नाहीत.

मी गेली अठरा वर्षं लॅमिंग्टन रोडवर एका छोट्या गाळ्यात गेमिंगची मशिनं दुरुस्त करतो. दुरुस्तीबरोबर जुन्या मशिनांची खरेदी-विक्रीही होते, आणि कोणाचे पैसे वसूल झाले नि कोणाचे बुडाले, हे त्या खरेदी-विक्रीतच कळतं. विकायला आलेलं मशीन मी चालू करतो तेव्हा बाहेरची चकाकी नंतर बघतो, आधी किती तास खेळलंय ते बघतो. निन्टेन्डोच्या स्विच या हॅण्डहेल्डवर खातेदाराच्या पानावर प्रत्येक गेमपुढे ढोबळ तास दिसतात, स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानावर तर अगदी नेमके. मध्यंतरी एक तरुण मुलगा आला होता. मशीन बॉक्ससकट, चार्जरच्या वायरीचा गुंडाळा कंपनीने बांधलेला तसाच. चौतीस हजारांना घेतलेलं, बावीस हजारांना विकलं. तीन गेम, सगळे मिळून पंधरा तास. म्हणजे बारा हजार रुपये पंधरा तासांना, तासाला आठशे. त्याला विचारलं, घेतलं कशासाठी होतं? म्हणाला, ट्रेनमध्ये खेळायला.

त्याच महिन्यात एक नर्सबाई आल्या होत्या, स्विच लाइट, म्हणजे स्विचचाच छोटा प्रकार, घेऊन. मशीनचा रंग उडालेला, ए बटणावरचं अक्षर घासून गेलेलं, डावी स्टिक, म्हणजे अंगठ्याने दिशा द्यायची दांडी, आपोआप वर सरकत होती. विकायचं नव्हतं, दुरुस्तच करायचं होतं. एकाच शेतीच्या गेमवर चारशेच्या वर तास, बाकीचे धरून सहाशेच्या आसपास. मशीन आणि गेम मिळून तीसेक हजार खर्च झाला असेल, म्हणजे तासाला पन्नास रुपये, आणि मशीन अजून चालू. त्या नाइट ड्यूटीवरून घरी आल्यावर झोप लागेपर्यंत खेळायच्या. गाडीत कधीच नाही.

ही दोनच उदाहरणं सांगतोय, पण असा फरक मी वर्षानुवर्षं बघत आलोय. दोघांच्या मशिनांत फार फरक नव्हता. फरक होता तो दिवसातली नेमकी कुठली वेळ त्या मशीनला मिळणार, हे आधी ठाऊक असण्या-नसण्याचा.

आता गाडीचं बोलू, कारण तुमचा सगळा भर तिथेच आहे. बदलापूरहून सुटणारी लोकल मिळाली तर बसायला मिळतं. कर्जतहून भरून आलेली मिळाली तर उभ्यानेच. संध्याकाळी दादरला तर पाय टेकायला जागा मिळाली तरी नशीब. लेडीज डब्यात चौथ्या सीटवर टेकलेल्या बाईला कोपर हलवायची सोय नसते, हे मी तुम्हाला काय सांगणार! आता त्यात मशीन ठेवून बघा. स्टीमचे गेम चालवणाऱ्या स्टीम डेक या हॅण्डहेल्डची रुंदी २९८ मिलिमीटर आहे, म्हणजे शाळेतली एक फुटाची पट्टी आडवी धरल्यासारखी. वजन ओएलईडी, म्हणजे जास्त चांगल्या रंगांच्या पडद्याच्या, मॉडेलचं ६४० ग्रॅम. स्विच ओएलईडी जॉय-कॉनसकट (म्हणजे दोन्ही बाजूंच्या सुट्या कंट्रोलरसकट) सुमारे ४२० ग्रॅम, रुंदी २४२ मिलिमीटर. स्विच लाइट सगळ्यात आटोपशीर, २७५ ग्रॅम आणि २०८ मिलिमीटर. हॅण्डहेल्ड म्हणजे हातात धरायचं, हे खरं. पण दोन्ही हातांत. एक हात हँडलला असेल तर यातलं एकही चालत नाही. फोन आपण एका अंगठ्यावर चालवतो, म्हणून मनात तोच हिशोब धरून लोक येतात आणि फसतात.

म्हणून पैसे देण्याआधी एक काम करा. एक फुटाची पट्टी पर्समध्ये टाका आणि जिथे बसाल तिथे एकदा मांडीवर आडवी धरून बघा. शेजारणीला न लागता बसते का? शिवाय आठवडाभर फोनमध्ये तीन गोष्टींची नोंद ठेवा: बसायला मिळालं का, सलग वीस मिनिटं दोन्ही हात मोकळे होते का, आणि त्या वेळी खेळावंसं वाटलं का. माझी भाची डोंबिवलीहून घाटकोपरला जाते. तिला हेच करायला लावलं होतं. सहा दिवस, बारा फेऱ्या. बसायला मिळालं चार वेळा. दोन्ही हात मोकळे दोनदा. खेळावंसं वाटलं एकदाही नाही. दिवसभर स्क्रीनकडे बघून डोळे थकलेले असतात, बसायला मिळालं की ती झोपते. ही तिसरी नोंद लोक धरतच नाहीत, आणि खरं तर तीच सगळ्यात महत्त्वाची.

तीच नोंद घरातही ठेवा. माझा अंदाज आहे की तुमचं उत्तर तिथे सापडेल.

वन बीएचकेमध्ये टीव्ही एक आणि माणसं पाच. संध्याकाळी सातपासून मालिका, मग बातम्या, सुट्टीच्या दिवशी मॅच, मधल्या वेळात मुलीचं कार्टून. टीव्हीला जोडायचा मोठा कन्सोल अशा घरात घेतला तर तो खेळायला मिळतच नाही, आणि मिळालाच तर कोणाचं तरी मन दुखावून. हॅण्डहेल्डचा खरा उपयोग इथे आहे. कोणाकडे काही न मागता, कोणाचं काही बंद न करता, पलंगाच्या कोपऱ्यात बसून हेडफोन लावून स्वतःचं काहीतरी करायला मिळणं. मुंबईत जागेची टंचाई आहे तशी स्वतःच्या पडद्याचीही आहे. माझ्याकडे येणाऱ्या ज्या बायका मशीन वर्षानुवर्षं वापरतात, त्या सगळ्या हेच सांगतात.

दुसरी गोष्ट, जी जाहिरातीत कोणी ठळकपणे सांगत नाही: झोपवण्याचं बटण. हॅण्डहेल्डवर खेळता खेळता वरचं बटण दाबलं की गेम आहे तिथे थांबतो. उडी मारलेली असेल तर हवेतच थांबतो. कुकरची शिट्टी झाली, मुलीने हाक मारली, दारावर दूधवाला आला. दाबा आणि उठा. दोन तासांनी परत दाबा, उडी तिथून पुढे. मोठ्या कॉम्प्युटरवर बसायचं म्हणजे बैठक लागते, इथे लागत नाही. घर चालवणाऱ्या माणसाला सलग दोन तास मिळत नाहीत, दहा-दहा मिनिटांचे तुकडे मिळतात, आणि ते तुकडे वापरता येणं हीच या मशिनांची खरी किंमत आहे. फक्त ऑनलाइन, समोरच्या माणसाशी खेळायचे गेम असे थांबत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

मग फोनच का नको, असं मिस्टर विचारतील आणि त्यांचं चुकणार नाही. मीही अनेकांना आधी तेच सांगतो. फोनच्या दोन्ही बाजूंना बसणारा कंट्रोलर तीन-चार हजारांत येतो. तुम्ही ज्या शेतीच्या गेमचं नाव लिहिलंय, स्टारड्यू व्हॅली, तो फोनवरही आहे आणि कन्सोलपेक्षा स्वस्त आहे. त्यातला एक दिवस खऱ्या घड्याळाच्या साधारण चौदा मिनिटांचा, म्हणजे तुमच्या तुकड्यांत बसणारा. महिनाभर रात्री दहानंतर तो फोनवर खेळून बघा. रोज हात आपोआप तिकडे गेला तर कन्सोल घ्यायला हरकत नाही. चौथ्या दिवशी विसरलात तर पैसे वाचले. कंट्रोलर मुलीच्या काकाला देऊन टाका.

फोनची अडचण वेगळी आहे. त्याच फोनवर तुमचा पास, पेमेंट, शाळेचा ग्रुप आणि साहेबांचे मेसेज. वर पट्टी सरकली की मन गेममधून निघतं. शिवाय संध्याकाळी बॅटरी संपली तर पास दाखवायचा कसा आणि रिक्षावाल्याला पैसे द्यायचे कसे? कन्सोलवर यातलं काही येत नाही, आणि काहींना तेवढ्याचसाठी तो घ्यावासा वाटतो. ते कारण मला पटतं. मात्र कोणाला बीजीएमआयच खेळायचं असेल तर त्याने कन्सोलच्या नादी लागू नये, तो फोनचाच गेम आहे.

आता कुठलं घ्यायचं. तुमच्यापुढे खरे पर्याय दोन, स्विच किंवा स्टीम डेक. बाकीचे झटकन बाजूला करतो. विंडोजवर चालणारी मशिनं, म्हणजे आसुस आरओजी अ‍ॅलायसारखी, भारतात रीतसर मिळतात आणि कंपनीची वॉरंटीही असते; पण अ‍ॅलाय इथे २०२३ मध्ये आलं तेच ६९,९९० रुपयांना, तुमच्या बजेटच्या कितीतरी वर. शिवाय इवल्या पडद्यावर विंडोजचे अपडेट सांभाळत बसणं ज्याला जमतं त्यानेच घ्यावं. प्लेस्टेशन पोर्टल १८,९९० रुपयांना आलं तेव्हा स्वस्त वाटून पुष्कळ लोकांनी माझ्याकडे चौकशी केली. त्यांना एकच प्रश्न विचारायचो, घरी पीएस५, म्हणजे सोनीचा टीव्हीला जोडायचा कन्सोल, आहे का? ते मशीन मुळात घरच्या पीएस५चं चित्र वायफायवरून दाखवण्यासाठी बनवलंय. तुमच्याकडे पीएस५ नाही, विषय संपला. आणि ती छोटी चिनी मशिनं, ज्यांत जुने दहा हजार गेम भरून देतात: ते गेम बहुतेक चोरीचे असतात आणि सोबतचं मेमरी कार्ड हलकं असतं, सहा महिन्यांत राम म्हणतं. घ्यायचंच असेल तर कार्ड चांगल्या कंपनीचं घाला.

स्टीम डेक म्हणजे हातात मावणारा कॉम्प्युटर. २०२२ साली आला, नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचं ओएलईडी मॉडेल आलं. त्याची मोठी जमेची बाजू म्हणजे गेम स्वस्त. स्टीमवर किमती रुपयांत दिसतात, वर्षातून मोठे सेल लागतात आणि चांगले चांगले गेम दोन-चारशे रुपयांत हाताला लागतात. घेतलेला गेम आवडला नाही तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. मिस्टरांचं स्टीमवर आधीपासून खातं असेल तर त्यांचे गेमही त्यावर चालतील. उणी बाजू: भारतात कंपनी तो विकत नाही, जो येतो तो बाहेरून आणलेला. व्हॅलोरंट, फोर्टनाइटसारखे गेम त्याच्या मूळ सिस्टीमवर चालत नाहीत, कारण त्यांची फसवेगिरी पकडणारी व्यवस्था तिथे चालू शकत नाही. आणि बॅटरी.

बॅटरीचं गणित एकदा समजून घेतलंत की कुठल्याही मशीनबद्दल कोणी तुम्हाला फसवू शकणार नाही. ओएलईडी डेकची बॅटरी ५० वॉट-तासांची. जड गेम मशीनकडून पंचवीसेक वॉट ओढतो, पन्नास भागिले पंचवीस, दोन तास. हलका गेम आठ-दहा वॉटवर चालतो, म्हणजे पाच-सहा तास. तेच मशीन, तीच बॅटरी. दुकानदार मोठा आकडा सांगतो, विकत घेणारा जड गेम खेळतो आणि भांडायला येतो. पॉवर बँकचंही तसंच. वीस हजार एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. गुणाकार केला की ७४ वॉट-तास, त्यातले काही रूपांतरात उष्णतेत जातात, हाताला पंचावन्न-साठ येतात. म्हणजे डेक एकदाच पूर्ण चार्ज होतो. आणि ती पॉवर बँक स्वतः पाव किलोच्या वर भरते.

थोडं जुनं सांगतो, कारण ते इथे लागू पडतं. १९८९ साली निन्टेन्डोचा गेम बॉय आला तेव्हा त्याचा पडदा हिरवट, रंग नाहीत, आत प्रकाशही नाही. पुढच्या वर्षी त्याच्यासमोर सेगाचा गेम गिअर आला, रंगीत आणि उजळ. पण गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चालायचा. जिंकला गेम बॉय. तो बनवणाऱ्या गुनपेई योकोई यांचं म्हणणंच असं होतं की जुनं, स्वस्त, मुरलेलं तंत्रज्ञान घ्यावं आणि त्यातून नवं काहीतरी काढावं. हॅण्डहेल्ड बघताना मी आजही आधी बॅटरी, वजन आणि टिकाऊपणा बघतो, ताकद सगळ्यात शेवटी.

म्हणून तुमच्यासाठी मला स्विच बरा वाटतो. मूळ स्विच मार्च २०१७चा, लाइट सप्टेंबर २०१९चा, ओएलईडी ऑक्टोबर २०२१चा, आणि जून २०२५ मध्ये स्विच २ आला. नवा आला म्हणून जुना भंगारात गेला असं समजू नका. जुन्या स्विचचे बहुतेक सगळे गेम स्विच २ वर चालतात, त्यामुळे आज घेतलेल्या कॅसेट, म्हणजे गेमची छोटी कार्डं, पुढेही कामी येतील. आणि कॅसेट हीच स्विचची आपल्याकडची खरी सोय. एक गेम तीन-चार हजारांना पडतो, महाग आहे. पण खेळून झाला की विकता येतो, बदलता येतो, मैत्रिणीला देता येतो. लॅमिंग्टन रोडवर वापरलेल्या कॅसेटचा व्यवहार रोज होतो. गेम निवडताना पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ बघा. २०२०च्या ऑगस्टमध्ये तो आधी स्विचवरच आला होता. आपल्याकडची वास्तुशिल्पं आणि देवदेवता त्यात आहेत, मुलीला शेजारी बसवून दाखवण्यासारखा आहे.

लाइट की ओएलईडी? लाइट हलका आणि स्वस्त, पण टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे कंट्रोलर मशीनमध्येच बसवलेले, सुटे होत नाहीत. ओएलईडीचा पडदा सात इंची, कंट्रोलर सुटे होतात, टेबलावर उभा करून मायलेकी एकेक कंट्रोलर हातात घेऊन खेळू शकतात. घरात सहा वर्षांची मुलगी आहे म्हटल्यावर मी ओएलईडी म्हणेन, चांगल्या स्थितीतला सेकंडहँड. मुलीच्या बाबतीत दोन गोष्टी: निन्टेन्डोचं पालकांसाठीचं अ‍ॅप फोनवर घ्या, त्यातून रोजची वेळ बांधून देता येते. आणि कॅसेट तोंडात घातली तर घाबरू नका. मुलांनी गिळू नये म्हणून तिच्यावर मुद्दाम अतिशय कडू द्रव्य लावलेलं असतं, मूल लगेच थुंकतं.

खरेदीबद्दल मात्र नीट वाचा, कारण इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. निन्टेन्डो भारतात स्वतः स्विच विकत नाही. लॅमिंग्टन रोड असो, हाजी अलीचं हीरा पन्ना असो की ऑनलाइन, माल बाहेरून आणलेलाच असतो. दुकानदार "एक वर्ष वॉरंटी" म्हणाला की ती त्याच्या दुकानाची, कंपनीची नव्हे. ती बिलावर लिहून, शिक्का मारून घ्या. तोंडी सांगितलेली टेस्टिंग वॉरंटी दुकानाचं शटर खाली आलं की संपते. भारतासाठी निन्टेन्डोचं वेगळं ऑनलाइन दुकानही नाही. लोक खातं परदेशाच्या विभागाचं ठेवतात आणि गिफ्ट कोड घेऊन गेम उतरवतात. चालतं, पण झंझट आहे, म्हणून सुरुवातीला कॅसेटच बरी.

कोणी जपानहून स्विच २ स्वस्तात आणून देतो म्हणालं तर थांबा. जपानमध्ये एक मॉडेल मुद्दाम कमी किमतीत विकलं जातं, ते फक्त जपानी भाषेत चालतं आणि त्यावर जपानी विभागाचंच खातं लागतं. भाषा बदलायची सोयच नाही. माझ्याकडे एक गृहस्थ मुलाच्या मुंजीसाठी आणलेलं असं मशीन घेऊन आले होते, भाषा बदलून द्या म्हणून. मी काय करणार? मुलगा बाहेर बाकावर बसून काचेतून बघत होता. ते मशीन तसंच परत गेलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

सेकंडहँड बघायला जाल तेव्हा घाई करू नका, अर्धा तास हातात ठेवा. सेटिंगमध्ये कंट्रोलरच्या विभागात स्टिक तपासायचं पान असतं. तिथे स्टिक गोल फिरवा, मग हात काढून घ्या. ठिपका मधोमध येऊन निमूट बसला पाहिजे. थरथरला किंवा एका बाजूला रेंगाळला तर स्टिक गेलेली. असं का होतं सांगतो. बहुतेक स्टिकच्या खाली कार्बनचे दोन बारीक पट्टे असतात आणि त्यांवर धातूची जीभ घासत फिरते. जीभ कुठे आहे त्यावरून व्होल्टेज बदलतं आणि मशीनला दिशा कळते. घासून घासून पट्टा झिजतो, त्याची भुकटी तिथेच साठते, मग मशीनला मध्य कुठे तेच कळेनासं होतं. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. स्प्रे मारून चार दिवस बरं वाटतं, पण झिजलेला पट्टा काही परत उगवत नाही. आता हॉल इफेक्टच्या स्टिक मिळतात. त्यांत चुंबक आणि सेन्सर असतात, काहीच घासत नाही म्हणून झीजही नाही. स्विचची स्टिक सोल्डरिंग न करता बदलता येते, चपट्या वायरीने जोडलेली असते. त्यामुळे बाकी मशीन ठणठणीत असेल तर ड्रिफ्टवरून सोडून देऊ नका, तेवढे पैसे कमी करून घ्या.

पुढे, फोनचा हॉटस्पॉट लावून त्या मशीनवर स्वतःचं खातं घाला आणि ऑनलाइन दुकान उघडून बघा. चोरीचे गेम चालवल्यामुळे निन्टेन्डोने काही मशिनं कायमची बंदीत टाकली आहेत, ती ऑनलाइन जात नाहीत. वरून बघून हे कळत नाही. मशीन सपाट टेबलावर ठेवा. पाठ फुगलेली असेल आणि डुगडुगत असेल तर बॅटरी फुगलीय, पैशाचं पाकीट आत ठेवा. एक गेम वीस मिनिटं सलग चालवा, पंख्याचा आवाज ऐका. डॉकवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या स्टँडवर, चढवून टीव्हीवर चित्र येतं का बघा. कॅसेट घालून, काढून, परत घालून बघा. चांगला दुकानदार हे सगळं करू देतो. कपाळाला आठ्या घालणाऱ्याकडून घेऊ नका.

पावसाळ्याचं एक. जून ते सप्टेंबर माझ्याकडे सगळ्यात जास्त काम येतं, आणि त्यातलं भिजलेलं थोडंच असतं. जास्त असतं दमटपणाचं. एसी ऑफिसमधून थंड झालेलं मशीन बाहेरच्या ओल्या हवेत आलं की आत बारीक दव धरतं, चार्जिंगच्या तोंडात हिरवा गंज चढतो. घरी आणल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास जाऊ द्या. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. महिनाभर वापरणार नसाल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा, पूर्ण रिकामी ठेवलेली लिथियम बॅटरी मरते.

पैशांचं म्हणाल तर चांगला सेकंडहँड ओएलईडी, दोन वापरलेल्या कॅसेट, १२८ जीबीचं अस्सल मेमरी कार्ड आणि कडक केस, एवढं धरून माझ्या हिशोबाने तुमच्या पंचेचाळीसमधले निदान पंधरा हजार उरायला हवेत. त्याचं सासूबाईंना हवं ते घेऊ द्या. त्यांचं म्हणणं मोडीत काढू नका. सोनं वाढतं, मशीनची किंमत दरवर्षी उतरते, हे त्या बरोबरच बोलताहेत. तुम्ही घेताय ते विकण्यासाठी नाही, रात्री दहा ते अकरासाठी. पण ती दहा ते अकराची वेळ खरंच आहे का, हे आधी महिनाभर फोनवर तपासा.

शेवटी तुम्ही विचारलंय, काच बसवावी का. बसवा. मात्र ओएलईडी स्विचच्या पडद्यावर कंपनीने एक पातळ फिल्म आधीच चिकटवलेली असते, काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून. वेष्टनाचं प्लास्टिक समजून पुष्कळ जण कोपऱ्यातून नखाने ती उचलतात. ती काढू नका, तिच्यावरूनच टेम्पर्ड ग्लास बसवा. सेकंडहँड घेताना तिरप्या उजेडात पडद्याचे चारही कोपरे बघा. फिल्म उचकटलेली दिसली तर तसं दुकानदाराला सांगून भाव करा.